बापाची माफी

माझ्या बापाचं तारण झालं हे आम्हाला फोनवरून कळलं. पाच वर्षं त्याचा पत्ता नव्हता. चिखल्याच्या खाणीवरून मँगनीज नेणारा ट्रक चालवायचा, प्यायचा, घरी आला की मायला मारायचा. एका होळीला त्याने तिचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. त्यानंतर तो निघून गेला, आणि आम्ही सुखाने जगू लागलो.

आता म्हणे तो येशूला शरण गेला होता, दारू सुटली होती, आणि रविवारी साकोलीच्या प्रार्थनेत साक्ष देणार होता. आम्ही यावं अशी त्याची इच्छा होती. मी म्हटलं, मरू दे. माय म्हणाली, "पाहून येऊ."

भाड्याच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. बाप पांढराशुभ्र शर्ट घालून उभा राहिला आणि आपली पापं सांगू लागला. सांगताना त्याला असा काही रंग चढला की मला किळस आली. दारूच्या बाटल्या, बाया, भांडणं, एखाद्या पैलवानाने कुस्त्या सांगाव्यात तशी. "मी माह्या बायकोचा हात मोडला, पण प्रभूनं मले माफ केलं!" लोकांनी हात वर करून हल्लेलुया म्हटलं.

माय मागच्या खुर्चीवरून उठली. "हात माहा होता," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं?"

वर गेलेले हात खाली आले. मला वाटलं, प्रार्थना घेणारे पास्टर तिला खाली बसवतील. तसल्या माणसांकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. पण ते बापाकडे वळले. "भाऊ, देवाची माफी फुकट भेटते, पण ती घेतलेला माणूस असा मिरवत नाही. आधी बाईले माफी मागा, मंग साक्ष द्या."

बाप मायकडे आलाच नाही. देवापुढे गुडघे टेकणारा तो माणूस बायकोपुढे मानही वाकवेना. चप्पल घालून सरळ बाहेर पडला.

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत तो गावात आला. माय आणि मी इतर बायांसोबत पाण्याने भरलेल्या बांधीत वाकून भाताचे पऱ्हे लावत होतो. हा धुऱ्याच्या बांधावर उभा. सगळ्या बाया पाहत असताना चिखलात उतरला आणि म्हणाला, "माहं चुकलं. लय वाईट केलं म्या तुह्यासंग." तो रडू लागला. मला त्या रडण्याचाही तिटकारा आला.

माय सरळ झाली. "माफ केलं तुमाले."

बापाने डोळे पुसले. "मंग घरी चलू?"

"नाही."

"मंग कायची माफी?"

"माफी देल्ली, घर नाही देल्लं. दारू सुटली, चांगलं झालं. तिकडंच राहा, प्रार्थना करा." आणि ती पुन्हा वाकून पऱ्हे लावू लागली. तो चिखलातून धुऱ्यावर चढला आणि निघून गेला.

त्या रात्री मी तिच्यावर चिडले. अशा माणसाला माफ करायचंच काहून?

"त्याच्यासाठी नाही केलं, बाई," ती म्हणाली. "इतके वर्षं रोज मनात त्याले शिव्या देऊन राहिली होती. थकली मी."

तेव्हापासून ती भात कांडताना गुणगुणते. बाप साकोलीतच आहे, पीत नाही, दर रविवारी हॉल झाडतो म्हणे. अधूनमधून मला फोन करतो. मी उचलत नाही.