घंटेनंतरचा तास

कापगते मॅडमना जाऊन आज एक वर्ष झालं.
त्यांच्या तासाला मात्र याच सोमवारी मारलं.

मारलं म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातल्या साहेबांनी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, दोन ओळींत. शनिवारचा शिक्षकांचा तास बंद. त्याऐवजी दिव्यांग विद्यार्थ्यासोबतचा एक फोटो दर महिन्याला अपलोड करावा.

खाली पटापट सगळ्या शाळांचे अंगठे.
आमच्या शाळेचा नाही.

ज्यांना मॅडम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्या आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात विशेष शिक्षिका होत्या. कंत्राटी. ज्या लेकरांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, वर्गात बसवत नाही, त्यांच्यासाठी या शाळेतून त्या शाळेत स्कूटीवर फिरायच्या. कावीळ झाली तरी फिरत होत्या. नागपूरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीची बाई. माझ्या वर्गात चेतन होता. हुशार पोरगा, पण मध्येच दोन्ही कान दाबून बेंचाखाली शिरायचा आणि काही केल्या बाहेर यायचा नाही.

आमचे हेडसर म्हणायचे, लाडावलाय.
त्याची आई म्हणायची, "घरी त चांगला राहते जी."

मॅडम आल्या, त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिल्या आणि जाताना हेडसरांना म्हणाल्या, "सर, मले शनिवारी सगळे मास्तर पायजेत. खिचडीवाल्या शांताताई बी."

शनिवार म्हणजे आमची सकाळची शाळा. सुट्टीची घंटा झाली की अख्खा स्टाफ बस स्टॉपवर. हेडसर सगळ्यांत पुढे.

"मॅडम, बाराची बस हाय ना."
"त जाऊ द्या ना एक डाव. बस उद्या बी येते."

बसलो. तोंडं वाकडी करूनच बसलो.

गणिताचे सर म्हणाले, तास संपता संपता हा बेंचाखाली जातो. मी म्हटलं, सकाळी प्रार्थनेच्या आधीपण जातो. शांताताई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "जेवाची घंटा झाली का हा दिसतच नाई. आवाज पुरा बसला का मंग येते ताट घेऊन."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. टांगलेला कुठे? माझ्याच वर्गाच्या खिडकीबाहेर. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं, पण एकमेकांना सांगायला आम्ही कधी एका जागी बसलोच नव्हतो.

हेडसरांनी त्याच दिवशी तो तुकडा काढून गेटजवळच्या चिंचेला टांगला.
चेतन लगेच नाही निघाला. पण हळूहळू निघाला. दिवाळीनंतर वर आपल्या जागेवर बसायला लागला, आणि मग शेजाऱ्याची पेन्सिल पळवायला लागला. आम्ही त्या दिवशी रागावलोसुद्धा नाही.

तेव्हापासून मॅडमनी हट्टच धरला. प्रत्येक शनिवारी, प्रत्येक शाळेत, घंटेनंतर एक तास. सगळे शिक्षक, आणि ज्या लेकराचं अडलंय त्याच्याबद्दल बोलणं. बाकी काही नाही.

साहेब म्हणाले, कशाला? तुमच्या भागात दिव्यांग विद्यार्थी शंभर टक्के कव्हर आहेत. रिपोर्ट ग्रीन आहे.

मी तिथेच होते. मॅडम म्हणाल्या,
"साहेब, रिपोर्ट ग्रीन हाय. पोट्टं बेंचाखाली हाय."

साहेब हसले. मग हळूच विचारलं, "मॅडम, तुमचं रिन्यूअल मार्चमध्ये असते ना?"
"असते ना जी. मंग मार्चपर्यंत त बसू द्या!"

मी माझा कप तसाच खाली ठेवला. मॅडम चहा पीत होत्या.

तास मिळाला. भांडून मिळाला.

शोकसभेत साहेबच बोलले, की ही पोकळी कधीच भरून निघणार नाही. माणूस शब्दाचा पक्का. मॅडमची जागा अजून रिकामीच आहे.

आणि आता तासही नको म्हणे. फोटो हवा.

साहेब, यंदा आमच्या पहिलीत एक पोर आली आहे. घरी भावाशी भांडते, आजीशी गाणी म्हणते. शाळेच्या गेटातून आत आली की एक शब्द नाही. शाळा सुरू झाल्यापासून नाही.
तुमच्या फोटोत ती छान येईल. हलणार नाही, बोलणार नाही.

पण आम्ही फोटो देणार नाही.

आज शनिवार. चिंचेखालची घंटा झाली. पोरं ओरडत पळाली, त्यांत चेतनही, आणि सर्वांत मोठ्यानं ओरडणारा तोच. मी ऑफिसच्या खिडकीतून वळून बघते तर हेडसर पाठीवर बॅग अडकवून दारात उभे. मला वाटलं, संपलं. ऑर्डर आहे, नोकरी आहे, माणूस तरी काय करणार.

सर आत आले. बॅग टेबलावर ठेवली. मॅडमची खुर्ची पुढे ओढली आणि शांताताईंना म्हणाले, "बसा."

मग आम्हाला म्हणाले, "काऊन पाहून राहिले? सुरू करा."

आम्ही त्या पोरीबद्दल बोललो. काय बोललो ते इथे टाकणार नाही. ती लेकरू आहे, पोस्ट नाही.

बाराच्या बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओळखीचा आहे, आमच्यासाठी थांबून थांबून वाजवत होता.
कोणी उठलं नाही.

मॅडम, तुमची फार आठवण येते. खूप राग येतो आणि खूप आठवण येते.
हार-फुलं आणली नाहीत. तुम्हाला श्रद्धांजली वाहिली ती बसूनच वाहिली, पूर्ण एक तास.