मोरितासाहेबांच्या वाटचा एक दिवस

दर जूनला कुणीतरी मला विचारतंच, "काका, पावसाळ्यात मुळशीला जायचंय, कसं जावं, कुठे राहावं, काय खावं?" मी या ब्लॉगवर धबधब्यांचे फोटो टाकत नाही, तरी विचारतात. तर आज एकदाच काय ते लिहून टाकतो. त्या बाजूला मी पहिल्यांदा गेलो तो साठच्या दशकातल्या एका जुलैत. आणि हौसेने नव्हे, एका जपानी माणसाला बखोटीला धरून पुण्याला आणायला.

मी तेव्हा विद्यापीठात भूगोलाचा नवखा अधिव्याख्याता होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती. देवाणघेवाणीच्या योजनेतून वर्षभरासाठी मोरिता नावाचे भातशेतीचे अभ्यासक आले. विभागप्रमुखांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "तुम्ही यांचे यजमान." यजमान म्हणजे काय, तर त्यांच्या खोलीत गादी नाही म्हणून मी धावायचं, त्यांना बिनतिखटाचं जेवण मिळत नाही म्हणून मी धावायचं, आणि त्यांच्या व्हिसाच्या प्रत्येक कागदावर तीन-तीन प्रतींत मीच सही करायची. एका हमीपत्रावर तर मी लिहून दिलं होतं की या गृहस्थांची सर्व जबाबदारी माझी. सर्व म्हणजे किती, असं मी विचारलं. विभागप्रमुख म्हणाले, "सही करा हो."

मोरिता जूनमध्येच कोळवणच्या खोऱ्यातल्या एका वाडीत मुक्कामाला गेले, खाचरांतली माती तपासायला. मला वाटलं, सुटलो. आणि एका शनिवारी दुपारी परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीतून निरोप आला. साहेबांचा राहण्याचा परवाना सोमवारी संपतो, मुदतवाढ हवी तर सोमवारी चारच्या आत त्यांनी जातीनं हजर व्हावं, यजमानाच्या सहीचे तीन अर्ज घेऊन. नाहीतर देश सोडावा लागेल. भात कापणीला येणार कार्तिकात. माणूस जुलैतच परत गेला तर त्याचं सगळं वर्ष पाण्यात, आणि हमी देणाऱ्या माझ्या नोकरीचं काय, ते विचारूच नका.

"आधी नाही का कळवायचं?" मी कारकुनाला विचारलं.

"कळवलं की मे महिन्यात. तुमच्या विभागात टपाल कोण उघडतं?"

कुणीच उघडत नव्हतं.

रविवारी सकाळी एस.टी. पकडली. आज तुम्ही बावधनला उंच सोसायट्यांमधून जाता. तेव्हा कोथरूड मागे पडलं की शहर संपायचं, आणि बावधन म्हणजे गवत आणि त्यात चरणारी शेरडं. भूगाव, पिरंगूट करत गाडी पौडला आली. छप्पर नेमकं माझ्याच डोक्यावर गळत होतं. जागा बदलली तर गळती माझ्याबरोबर आली. पौडला गरम भजी खाल्ली. ती मात्र झकास होती, तुम्हीही थांबलात तर खा. हॉटेलवाल्याला कोळवणच्या गाडीचं विचारलं.

"ती व्हय? येती ती."

"कधी?"

"आली की येती."

तासभर हेच ऐकल्यावर मी चालू लागलो. छत्री पहिल्याच वाऱ्याला उलटी झाली, एका चपलेचा अंगठा तुटला, अर्जाचे तीन कागद मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरले होते. खोरं सुंदर होतं हे मी नाकारत नाही. दोन्ही बाजूंचे डोंगर ढगांत गेलेले, खाली पायऱ्यापायऱ्यांनी खाचरं, त्यांत पाणी भरलेलं. पण तुटकी चप्पल हातात घेऊन सौंदर्य फार वेळ बघवत नाही.

दुपारी वाडीवर पोहोचलो. मोरिता ओट्यावर बसून मातीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. कमरेला धोतर, डोक्यावर पानांचं इरलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उद्या जमणार नाही. परवा येतो."

"परवा येऊन काय उपयोग?"

"उद्या हौसाबाईंच्या खाचरात माझा दिवस आहे."

हौसाबाई म्हणजे ते ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरच्या कर्त्या बाई. पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलायला सडेतोड. मातीचे नमुने घ्यायला खोल खड्डे खणायचे होते. ते काम बाईंच्या मुलाने, दगडूने, एक अख्खा दिवस केलं होतं. तिकडे भातलावणीत अशी सावड चालते. तुम्ही माझ्या रानात एक दिवस आलात की मी तुमच्या रानात एक दिवस येणार. मोरितांच्या वाटचा दिवस सोमवारी ठरला होता. त्यांच्या गावीही भात लावताना हीच रीत होती, म्हणून त्यांना ती कुणी समजावून सांगावी लागली नव्हती.

माझा तोल गेला. मी ओरडू लागलो. परवाना, कचेरी, माझी नोकरी, हमीपत्रावरची माझी सही, या माणसाची सर्व जबाबदारी माझी आहे, सगळं सगळं. रागाच्या भरात मी इंग्रजीतून मराठीत कधी आलो ते मलाच कळलं नाही. मोरिता एवढंच म्हणाले, "दिवस न देता गेलो तर इथे पुन्हा तोंड कसं दाखवू?"

गलका ऐकून हौसाबाई बाहेर आल्या. आणि मग मी ती चूक केली जी फक्त पेठेतला माणूस करू शकतो. खिशातून पाचाची नोट काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "बाई, यांच्याऐवजी उद्या एखादा मजूर लावा."

बाईंनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठिवा ती खिशात. माजा दगडू मजुरीला गेल्ता व्हय तुमच्या सायबाकडं?"

"तसं नाही हो, पण..."

"मग कसं? चिखलनी झालीया, रोपं उपटून मुठी बांधून ठिवल्यात. उद्या न्हाई लावली तर सडतील. परवा आमी समदी शेजारच्या सकूच्या रानात. एक मानूस कमी म्हंजी माजं एक खाचर ऱ्हायलं."

"पण यांना देशाबाहेर काढतील!"

"दिवस मानसानं फेडायचा. त्यांनीच आलं पायजे आसं न्हाई. घरातलं कुनीबी चालतं."

"त्यांचं घर समुद्रापलीकडे आहे, बाई."

"हितं त्यांचं कोन हाय?"

दहा मिनिटं सगळ्या वाडीला ओरडून काय सांगत होतो ते मला आठवलं. बाईंनाही आठवत होतं.

"तुमीच म्हनलात न्हवं, समदी जबाबदारी तुमची? मग झालं की. सायेब जातील पुन्याला, तुमी या खाचरात."

मी मोरितांकडे पाहिलं. वाटलं, हे तरी नको म्हणतील. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून मला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि गेले बॅग भरायला.

सोमवारी उजाडताच त्यांना दगडूबरोबर पौडच्या वाटेला लावलं. तिन्ही अर्जांवर मी ओट्यावर बसून सह्या केल्या. वरून पागोळीचं पाणी, खाली शेणाने सारवलेली ओली जमीन, त्यामुळे तिसऱ्या प्रतीवर शाई पसरली आणि कोपऱ्याला चिखल लागला. दुसरा कागद नव्हता.

मग खाचर. वाचकहो, भातलावणीला जायची आता पर्यटकांत फॅशन आहे म्हणे, पैसे भरून जातात. जा बापडे. मी गुडघाभर चिखलात उतरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत बसलो, म्हणजे पडलो. उलट्या पावली मागे सरकत, वाकून, चार-चार काड्या चिखलात रोवायच्या. शेजारच्या बायका ओळ संपवून परत येत होत्या आणि मी तिथेच.

"मास्तर, तुमची रोपं पवाया लागली की!" एकजण म्हणाली. खरंच, मागे पाहिलं तर माझी अर्धी रोपं पाण्यावर तरंगत होती. हौसाबाई माझ्या मागून ती पुन्हा रोवत येत होत्या. एवढी लाज मला कुठल्या परीक्षेतही वाटली नव्हती.

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा झणझणीत रस्सा आला. पावसाळ्यात त्या बाजूला गेलात तर हे खाल्ल्याशिवाय येऊ नका, बाकी काही चुकलं तरी चालेल. पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. मोरितांना पौडला गाडी मिळाली असेल का? कचेरी सापडली असेल का? त्या कारकुनाने चिखल लागलेला कागद तोंडावर फेकला तर? चार वाजले असावेत तेव्हा मी खाचरात वाकलेलोच होतो, आणि मला खरंच रडू येत होतं. कमरेमुळे की काळजीमुळे, सांगता येणार नाही.

मंगळवारी परत निघालो तर दगडूने अडवलं. "वढ्याला पानी चढलंय, मास्तर. आज न्हाई जमायचं." दिवसभर ओट्यावर बसून चडफडण्यापेक्षा मी सगळ्यांबरोबर सकूच्या रानात गेलो, हौसाबाईंच्या घरचा माणूस म्हणून. त्या दिवशी रोपं कमी तरंगली.

बुधवारी संध्याकाळी लंगडत विभागात शिरलो. मोरिता टेबलाशी बसून मातीच्या पुड्या लावत होते. परवाना वाढला होता, नोव्हेंबरअखेरपर्यंत! मी खुर्चीत कोसळलो. कारकुनाने त्यांना चारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं, तिसरा अर्ज पेपरवेटखाली वाळवला होता, आणि शिक्का मारताना एक अट घातली होती. यजमानाने शासकीय कागद चिखलाने का माखवला, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा. विभागप्रमुखांनीही एक चिठ्ठी ठेवली होती. माझी तीन दिवसांची रजा कापली होती.

खुलासा मी लिहिला. खरं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून "अतिवृष्टीमुळे" एवढंच लिहिलं.

कार्तिकात कापणी झाली, मोरितांचं काम पुरं झालं. ते निघायच्या दिवशी सकाळी नारायण पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांच्या दारात हौसाबाई, दगडू आणि त्याची बायको उभी.

"तुमचा एक दिवस आमच्याकडं ऱ्हायलाय," बाई म्हणाल्या. "सकूच्या रानातला. काम सांगा."

माझ्याकडे काय काम असणार? दोन खोल्या, एक मोरी, खिडकीत तुळस. बायकोने चहा केला. "कशाला एवढं मनावर घेता, राहू द्या," हे माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात ती पाचाची नोट आठवली. मी म्हणालो, "चला, आहे काम."

मोरितांच्या मातीच्या पेट्या विभागातून पुणे स्टेशनवर न्यायच्या होत्या. हातगाडी मी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती, ती परत पाठवली. एक पेटी उचलताना हौसाबाईंनी विचारलं, "लई जड. काय हाय ह्यात?"

"तुमच्याच खाचरातली माती."

त्यांनी पेटी पुन्हा खाली ठेवली, पदराने वरची धूळ पुसली आणि मग डोक्यावर घेतली. "दगडू, नीट धर रं," म्हणाल्या.

गाडी सुटली. मोरिता दारात उभे राहून वाकून नमस्कार करत होते, दिसेनासे होईपर्यंत. मी बाईंना म्हटलं, "चला, फिटलं आता सगळं."

"कसं फिटलं? आमी तिघं आलो. एक तुमचा फिटला, दोन दिवस आमचं तुमच्याकडं. लावनीला या."

दगडू हसत होता. आई मुद्दाम तिघांना घेऊन आली होती, हे त्याने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

तेव्हापासून मी जवळजवळ दर जुलैत कुरकुरत गेलो. कधी त्यांचा एक दिवस माझ्याकडे, कधी माझा त्यांच्याकडे, आणि बरोबरी होऊ लागली की बाई काहीतरी खोडी काढायच्याच. आता बाई नाहीत. खालची खाचरं गेली, तिथे फार्महाऊस आहेत. दगडूकडे वरची दोनच उरलीत, आणि तो माझ्याएवढाच म्हातारा झालाय. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मास्तर, एक दिवस हाय तुमच्याकडं, इसरला न्हाई न्हवं?"

"अरे, माझी कंबर आता वाकत नाही."

"मग काय झालं? घरातलं कुनीबी चालतं."

माझ्या घरातली सगळी परदेशात आहेत, व्हिसाच्या रांगांत. तर मुळशीला जायचं कसं, हे विचारणाऱ्या मंडळींनो, चांदणी चौकातून सरळ पौड, तिथे भजी, मग कोळवण. तिथे दगडूचं घर कुणीही दाखवेल. जाऊन सांगा, मास्तरांच्या घरनं आलोय.