भादव्यातले मडगार्ड

आयुष्यात एकदाच मी हातात पाना धरला आणि नेमकं नको ते काम करून ठेवलं. ऐन भादव्यात सायकलीला मडगार्ड बसवले. आमच्या काळ्या रानातलं शेंबडं पोरही असं करत नाही. पाऊस लागला की लोक मडगार्ड काढून माळ्यावर टाकतात. अंगावर चार शिंतोडे उडाले तर उडाले, चाक तर फिरतं. पण मी परभणीची, सडकेवर वाढलेली. नवी नवरी आणि वर दीडशहाणी.

निजामाचं राज्य तेव्हा शेवटाला आलं होतं. माझं सासर अर्धापूरजवळच्या खेड्यात, तिथून सडकेपर्यंत नुसती काळ्या चिखलाची वाट. माहेरून निरोप आला की आईच्या पोटाचं दुखणं वाढलंय, बाबा तिला हैदराबादच्या दवाखान्यात नेताहेत, उद्या दुपारच्या गाडीनं नांदेडावरून जातील, स्टेशनावर येऊन भेट. सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं. बैल कामात अडकले होते, म्हणून आमच्या ह्यांनी सायकलीवर न्यायचं ठरवलं. सुनेनं नवऱ्यामागं सायकलीवर बसायचं म्हणजे गावाला महिनाभराची करमणूक. सासूबाई म्हणाल्या, वेशीपर्यंत चालत जा, पुढं काय करायचं ते करा.

आणि मला काळजी कशाची, तर लुगड्याची! लग्नानंतर आई मला पहिल्यांदाच बघणार होती. हिरवं इरकली लुगडं नेसलेली, स्वच्छ, सुखात असलेली लेक तिला दिसायला हवी होती. हे रानात गेल्यावर मी माळ्यावरून मडगार्ड काढले आणि न्हाणीच्या दगडाशी बसून दोन्ही चाकांवर चढवले. खडखडत होते, म्हणून त्यांच्या तारा वाकवून चाकांना अगदी बिलगून घेतले. बोटभरही फट ठेवली नाही. मग लांब उभी राहून स्वतःच्या कारागिरीकडं कौतुकानं बघत राहिले.

सकाळी हे म्हणाले, काढून टाकतो. मी गाल फुगवले. नवं लग्न, त्यांनीही ऐकलं. पाना खिडकीतच राहिला.

वेस ओलांडली, मी मागं बसले, आणि थोडं पुढं जातोय तोच चाकं जाम झाली. करंजीत सारण भरावं तसा मडगार्डात चिखल ठासला होता. बाभळीच्या काडीनं कोरायचं, जरा ढकलायचं, की परत तेच. मडगार्ड काढावेत तर पाना घरी. शेवटी ह्यांनी सायकल खांद्यावर घेतली. मागून मी, लुगडं खोचून, गुडघ्यापर्यंत काळी. हे म्हणाले, "आपण सायकलीवर बसणार होतो, ही तर माझ्यावरच बसली." मी खळखळून हसले. वाटलं, वेळ आहे अजून. ते हसणं मला अजून बोचतं.

सडकेला लागल्यावर ओढ्यात चाकं धुतली आणि ह्यांनी जिवाच्या आकांतानं सायकल हाणली. स्टेशनावर पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. हमाल बिडी ओढत बसला होता. त्यानं नुसता हैदराबादच्या दिशेला हात केला.

आई हैदराबादहून परत आली नाही.

दिवाळी झाल्यावर बाबा आमच्याकडं आले. मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं, मडगार्डाचं, लुगड्याचं. बाबा म्हणाले,

"त्या दिवशी गाडीत मला लई तहान लागली होती, पण तुझ्या आईनं तांब्याला हात लावू दिला न्हाई. म्हणली, पोरगी चिखलातून येऊन राहिली, तिच्या पायावर घालायला तेवढं पाणी ऱ्हाऊ द्या."