कुठल्या भाषेत बोलली ती?

युनिव्हर्सिटीतल्या आमच्या क्रिएटिव्ह रायटिंगच्या वर्गाचा नियम असा, की ज्याच्या लिखाणावर चर्चा चालू असेल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे चिरफाड करणार, आपण मान खाली घालून ऐकायचं. लंडनमधल्या, एजवेअरच्या आमच्या घरात जेवताना आई, बाबा आणि मी, तिघंही एकदम बोलतो. मला हे गप्प बसणं जन्मात जमणार नव्हतं. माझ्या आईवरची गोष्ट वाचून वर्गाने ठरवलं, की ही डॉक्टरीणबाई पुरेशी भारतीय वाटत नाही. मी दातओठ खात ऐकून घेतलं.

मग तीच गोष्ट मी माझ्या दुसऱ्या विषयाच्या, फ्रेंचच्या बाईंना दाखवली. त्या मूळच्या सेनेगलच्या. आफ्रिकेतल्या फ्रेंच कादंबऱ्या आणि सिनेमे आम्हाला शिकवायच्या. सिनेमा मध्येच थांबवून विचारायच्या, "आत्ता कुठल्या भाषेत बोलली ती? आणि का?" पडद्यावरची बाई घरात तिकडची वोलोफ भाषा बोलायची, कचेरीत फ्रेंच. मला तिच्यात माझी आईच दिसायची, वॉर्डात इंग्रजी आणि ओट्याशी मराठी बोलणारी. बाईंनी गोष्ट वाचली आणि म्हणाल्या, "शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हीच माझ्याकडे पूर्ण कर. या सिनेमांच्या शेजारी ठेवून." इतकं हलकं मला युनिव्हर्सिटीत कधीच वाटलं नव्हतं.

आई म्हणाली, "अगं, फ्रेंचमधून आफ्रिका, तेही लंडनमध्ये! जॉब कोण देणार?" पण फोनवर मावशीला सांगताना तिचा आवाज चढायचा, "तिच्या मॅडम स्वतः गाइड करणारेत तिला."

मार्चमध्ये ऑनलाइन मीटिंग झाली. फ्रेंच विभाग बंद होणार, बाईंची नोकरी जाणार, शेवटच्या वर्षी आम्ही दुसरं काहीतरी निवडायचं. आमचे सगळ्यांचे माइक युनिव्हर्सिटीनेच बंद ठेवले होते. तिथले एक बडे साहेब शांतपणे स्लाइड सरकवत होते. मी लॅपटॉपवर ओरडत होते. सुरुवात इंग्रजीत केली, मग मराठीत सरळ शिव्याच हासडल्या.

"कोणाशी भांडतेस गं?" आईने खालून विचारलं.

कोणाशीच नाही. ऐकणारं कोणी असतं तर ते भांडण झालं असतं. आईवरची ती गोष्ट आता मी लिहीत नाही. लिहून दाखवायची कोणाला?

स्क्रीनच्या कोपऱ्यात बाईंची चौकट होती. त्यांचाही माइक बंद. ओठ मात्र भराभरा हलत होते. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. कुठल्या भाषेत बोलत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.