पंढरी घरत रांगेत इंजिन बंद करतो

पंढरी घरत सव्वीस वर्षं ट्रेलर चालवतोय, आणि त्यातली निम्मी तरी त्याने रांगेत काढली असतील. बंदराजवळच्या जासईत त्याचं घर रस्त्याला लागूनच. कंटेनर यार्डाच्या फाटकापासून सुरू झालेली रांग कधी कधी त्याच्या दारापर्यंत यायची. म्हातारी आई, बयाबाई, अंगणात जवळा सुकत घालायची आणि संध्याकाळी त्यातून बोट फिरवून त्याच्यासमोर धरायची. बोट काळं. "यो तुजे गाड्यांचा मसाला हाय," म्हणायची.

पंढरी हसून सोडून द्यायचा. रांगेत इंजिन चालूच ठेवायचं असतं, असं सगळेच धरून चालायचे. मध्ये जागा सुटली की कोणीतरी घुसतो, आणि इंजिन बंद केलं की ब्रेकची हवा उतरते, ती पुन्हा भरेपर्यंत गाडी हलत नाही.

मागच्या वर्षी त्याच्या मालकाने, जयप्रकाश शेठने, सगळ्या ड्रायव्हरांना रबाळ्याला डिझेल बचतीच्या ट्रेनिंगला पाठवलं. पंढरी गेला तो मुख्यतः जेवणासाठी. शिकवायला क्षिप्रा नावाची तरुण मॅडम होती. उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला दोन-अडीच लिटर डिझेल खातं, असं ती म्हणाली. पंढरी उठून उभा राहिला.

"मॅडम, तुमी कदी त्या रांगेत उभ्या राहिल्यात?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही राहता ना. मग तुम्हीच मोजा."

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून तो रांगेत लागला. सात तासांनी काम आटपून बाहेर पडला आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली. सोळा लिटर बसलं. गाडी हलली होती जेमतेम दीड किलोमीटर.

त्यानंतर पंढरीने रांगेत इंजिन बंद करायला सुरुवात केली. पुढे चार गाड्यांची जागा होईपर्यंत तो हलायचा नाही. एक पिकअप मध्ये घुसू लागला तेव्हा तो खाली उतरून रिकाम्या जागेत हाताची घडी घालून उभा राहिला. मागून हॉर्न सुरू झाले. मागचा सोलापूरकडचा ड्रायव्हर खाली डोकावून ओरडला, "ओ दादा, सरका की पुढं. झोपलाव काय?"

"जागा हाय माजे पायाखाली. कोन नाय घुसनार," पंढरी म्हणाला.

चौथ्या दिवशी मात्र नाक कापलं गेलं. चावी फिरवली आणि गाडी घेईनाच. जुनी बॅटरी, इतक्या वेळा स्टार्ट करून बसली. लोकांनी शिव्या घातल्या. यार्डाचा सुपरवायझर निशांत आला, त्याने पंढरीचा रांगेतला नंबर रद्द केला आणि गाडी ओढून रांगेच्या शेवटी लावायला लावली. शेठचाही फोन आला.

"पंढरीदादा, डिझेल मी भरतो. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

"डिझेल तुमी भरता, धूर आमी खातो."

"मग चावी ठेवा ऑफिसात."

"ठेवतो. पन पयली बॅटरी बदला, नायतर नवीन आनलेला ड्रायव्हर पन असाच बसंल."

शेठने फोन ठेवला. चावी मागायला पुन्हा फोन आला नाही. आठवड्याने बॅटरी आली.

मे महिना लागला. त्या जुन्या गाड्यांना एसी नाही, आणि इंजिन सीटच्या खालीच. एका दुपारी सोलापूरवाला पाणी मागायला पंढरीच्या केबिनमध्ये चढला आणि तिथेच बसून राहिला. "तुमच्यात पाय भाजत न्हाईत की," तो म्हणाला. परत जाऊन त्यानेही इंजिन बंद केलं. चार दिवसांत अकरा ट्रेलर गप्प उभे राहू लागले.

मग निशांतने फर्मान काढलं, पुढे मोकळी जागा सोडणाऱ्या सगळ्यांचे नंबर रद्द. पंढरी फाटकावर गेला. मागोमाग बाकीचे दहाही, चाव्या खिशात घालून.

"पाच-पाच गाड्यांचे नंबर पुकारा," पंढरी म्हणाला. "पुकारलात की आमी येतो. तोवर एक पन इंजिन चालू नाय होनार."

"इथले नियम तुम्ही ठरवणार?"

"नियम तुमचे असतील. चाव्या आमच्या हायेत."

दीड तास रांग हलली नाही. आत क्रेनवाले बसून राहिले, वरून फोन येऊ लागले. पंढरी फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसला होता. नोकरी गेली असती तर या वयात दुसरी मिळणं कठीण होतं. पण तो उठला नाही. शेवटी निशांतने वॉचमनच्या हातात कागद दिला, आणि वॉचमनने पहिले पाच नंबर पुकारले.

त्या यार्डात दिवसपाळीला आता तसंच चालतं. शेठने शाबासकी दिली नाही, पण सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलल्या. शेजारच्या यार्डात अजून जुनीच रीत आहे. गेल्या महिन्यापासून पंढरीच्या फेऱ्या तिकडे लागल्यात. पहिल्याच दिवशी तिथला वॉचमन दांडका आपटत आला आणि म्हणाला, "चालू ठेव गाडी."

पंढरीने चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि विचारलं, "तुमचा सुपरवायझर कुठं बसतो?"