ठमीचा पान्हा

शेती-संग्रहालयात मावशीला घेतलं ते झाडू मारायला. मोडके नांगर, गंजलेले विळे, काचेआड दुधाची चरवी. कष्ट कपाटात ठेवले की लोक तिकीट काढून बघतात, जिवंत कष्टापाशी नाक दाबतात! मावशीला ते खपेना. “गाईविना चरवी म्हणजे पोराविना पाळणा,” असं तोंडावर सुनावून, महिनोन्महिने डोकं खाऊन तिनं व्यवस्थापकांकडून गाय मिळवलीच. काळी, बुटकी, रुंद. नाव ठमी.

यंदा संग्रहालयानं शनिवार-रविवार गुरांचा उत्सव ठेवला, सहकुटुंब या म्हणून. पण व्यवस्थापकांनी आणखी एक पाहुणी आणली. फायबरची गाय. बटण दाबलं की रबरी सडांतून पांढरं पाणी.

“हिला चारा नको, शेण नाही,” ते म्हणाले. “दोन दिवसांत लोक ठमीपाशी थांबले तर ठीक, मावशी. नाहीतर गोठ्यात ही उभी राहील आणि ठमीला गवळ्याकडे पाठवू.”

“बघाच, साहेब,” म्हणाली मावशी. ठमीची पहिली धार तिनंच काढली होती.

शनिवारी सकाळी लेक-जावई आले. जावयाचं शहरात केस कापायचं दुकान. हौशी गडी. “आई, ठमीच्या वासराला नटवायचं माझ्याकडे सोपवा,” म्हणाला. मावशी बादल्या घासण्यात गुंतलेली, तिनं मान डोलावली.

धारेची वेळ झाली. गोठ्यापुढे माणसांची ही दाटी, पोरं बापांच्या खांद्यावर. जावयानं वासरू आणलं. अंग चकचकीत, कपाळावर चक्क मधोमध भांग! टाळ्या पडल्या.

ठमीनं वासरू हुंगलं. फुरफुरली. आणि हाणली की लाथ! वासरू हंबरत पुन्हा गेलं, पुन्हा लाथ. मावशीनं कासेला हात घातला. थेंब नाही. ठमीनं पान्हा चोरला होता.

“चला रे, ती बटणवाली बघू,” कुणीतरी म्हणालं. गर्दी पांगू लागली. मावशीनं वासराच्या मानेत नाक खुपसलं आणि ताडकन उठली.

“जावईबापू! काय फासलंत याला?”

“शाम्पू, आई. गिऱ्हाइकाला लावतो तोच. भारीतला.”

“भारीतला! अहो, ही लेकरू वासानं ओळखते. तुम्ही तिच्यापुढं परकं पोर उभं केलंत! उचला त्याला, आणि लोळवा तिच्या पायाखालच्या गवतात.”

“पण त्यात शेण... हा शर्ट इस्त्रीचा...”

“शर्ट तुमचा तुम्ही धुवा,” मागून लेक म्हणाली. “आधी लोळवा.”

जावयानं डोळे मिटले, वासराला मिठी मारली आणि दोघंही ओल्या गवतात आडवे! वासरू निसटतंय, हा धरतोय, कोण कुणाला लोळवतंय कळेना. हसण्याचा असा गलका उठला, की गेलेली माणसं धावत परतली.

पुन्हा वासरू पुढे केलं. ठमीनं हुंगलं. थांबली. मग खरखरीत जिभेनं चाटायला लागली. भांग गेला, मागोमाग जावयाचा कोपरही चाटून झाला.

“आई, मलापण!”

“घ्या, तिच्या घरचे झालात.”

वासरानं कासेला ढुशी दिली आणि पान्हा सुटला. तोंडाला फेस येईपर्यंत मावशीनं त्याला पिऊ दिलं, मग बाजूला बांधून बादलीत धार धरली. सुर्र, सुर्र. मग पोरांची रांग लागली, एकेकाला सड धरून बघायचं होतं. रांगेच्या शेपटाला बाह्या सरसावून व्यवस्थापक उभे.

त्यांची पाळी आली. पहिली धार पायावर, दुसरी बादलीत. म्हातारपणी सायकल जमल्यासारखे ते हसले. “राहू दे हो ठमीला, मावशी. फायबरवालीला तिकीट-खिडकीशी उभी करू.”

मावशीनं हुश्श केलं नाही. तेवढी ऐट तिच्यात होती. ठमीच्या पाठीवर थाप मारून ती जावयाकडे वळली.

“उद्या सकाळच्या धारेला तुम्ही बसायचं. नखं कापून या.”