फोन रिकामे करणाऱ्या मंदाताई

मंदाताईंकडे फोन रिकामा करायला गेलेला माणूस तासाभराच्या आत सुटत नसे. दुकानात एक लाकडी स्टूल होतं. गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं, त्याचाच फोन त्याच्या नाकासमोर धरायचा आणि एकेक फोटो सरकवत विचारायचं, "ठेवू का फेकू?" उत्तर तोंडानं द्यावं लागे. नुसती मान हलवलेली चालत नसे. "मान कशीबी हालते बाप्पा, तोंडानं सांगा," असं त्या म्हणायच्या. एखादा कावायचा, "ताई, सारंच उडवून टाका ना, मले गाडी पकडाची हाय." मग मंदाताई फोन बंद करून त्याच्या हातात ठेवत. "घरी जाऊन उडवा. माह्या हातानं नाई."

धामणगाव रेल्वेत स्टेशनच्या रस्त्यावर मोबाइलची दुकानं काही कमी नाहीत. बाकी ठिकाणी हेच काम पाच मिनिटांत होतं. तरी लोक मंदाताईंच्या स्टुलावर बसायला यायचे, कुरकुरायचे आणि पुन्हा यायचे. माझा होमिओपॅथीचा दवाखाना त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत एका विटेची. त्यांच्याकडे फोन जास्त आणि माझ्याकडे रोगी कमी, त्यामुळे त्यांचा सगळा व्यवहार मला बसल्या जागी ऐकू येई. पुष्कळदा मी माझी खुर्चीच दारात ओढून बसत असे.

मंदाताई अंगानं काटकुळ्या, आवाजानं दणदणीत. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बांगडीत तीन-चार सेफ्टी पिना, त्यांतलीच एक काढून त्या फोनचं सिम बाहेर काढत. त्यांचे यजमान लवकर गेले. त्यानंतर त्यांनी एसटीडी बूथ घेतला, बूथ बुडाला तेव्हा रिचार्ज सुरू केलं, रिचार्ज लोक आपापलं करायला लागले तेव्हा फोन दुरुस्ती शिकल्या. बूथची पिवळी पाटी उलटी करून तिच्याच पाठीवर त्यांनी मोबाइलच्या दुकानाचं नाव रंगवून घेतलं होतं.

मग आली ‘मेमरी फुल’ची साथ. साथच म्हणतो मी, कारण एका घरात शिरली की सगळ्यांना लागायची. साखरपुडा एक, पण फोटो काढणारे हात चाळीस. आणि त्या चाळिसांनी तेच फोटो आपापल्या ग्रुपवर टाकलेले. सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर, संध्याकाळी वरातीतला डीजे. सोयाबीन विकून घेतलेला फोन दिवाळीपर्यंत गच्च भरलेला. "घर लहान अन् पाव्हने लय," मंदाताई म्हणायच्या. त्या सगळ्यांना क्लाउडवर खातं उघडून देत. अर्ध्या गावाचे ईमेल आणि पासवर्ड त्यांच्या एका लांबट वहीत होते. चांगला बागायतदार माणूस दारातून ओरडायचा, "ताई, माहा ईमेल काय हाय व?"

फुकटची जागा भरली की महिन्याला पैसे भरून वाढवावी लागते, हे मात्र गळी उतरवता उतरवता त्यांच्या नाकी नऊ येत. एक म्हातारबुवा त्यांना म्हणाले होते, "जे खोली मले दिसत नाई, तिचं भाडं मी कावून भरू?" मंदाताईंनी पटकन उत्तर दिलं होतं, "सामान तुमचं हाय म्हनून." बुवांनी दुसऱ्या दिवशी नातवाला पाठवून पैसे भरले.

पण स्टुलावर बसवून विचारण्याची रीत पहिल्यापासून नव्हती. आधी त्याही इतरांसारख्याच झटपट काम करत. ती रीत पडली बेबीमावशीपासून.

बेबीमावशी म्हणजे जवळच्याच खेड्यातल्या माळ्याच्या घरची बाई. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायची. अमोल हा तिचा एकुलता एक मुलगा पुण्याकडे कंपनीत होता. खोलीवर हातानं रांधून खायचा आणि रविवारी आईला त्याचा व्हिडिओ पाठवायचा. मोटरसायकलला मागून ट्रकनं धडक दिली आणि तो जागीच गेला. त्याचा फोनही त्याच्यासोबतच चिरडला. त्याचा शेवटचा व्हिडिओ वांग्याच्या भाजीचा होता. कढईत तेल तापलेलं, आणि तो फोनकडे तोंड करून विचारतोय, "माय, आंदी मोहरी का आंदी जिरं? सांग ना व लवकर, तेल जयून रायलं." मावशीला उलटा मेसेज करता येत नसे. तिनं तो पाहिला तोवर त्याची भाजी होऊन गेली होती. तो गेल्यावर ती रोज हा व्हिडिओ लावायची आणि फोनला उत्तर द्यायची, "मोहरी रे राजा, मोहरी." बाजारात शेजारी बसणाऱ्या बायकांनी हे कितीदा तरी ऐकलं होतं.

अमोलला जाऊन दोन महिने झाले असतील. मावशीचा फोन अडकायला लागला, व्हिडिओ मधेच थांबायला लागला. ती मंदाताईंकडे आली. मंदाताईंनी वही काढली, मावशीचं खातं उघडून पाहिलं. त्यात अमोलचे पुष्कळ फोटो दिसले. "मावशी, सारं क्लाउडवर हाय. काईच काळजी नोको करू," असं म्हणून त्यांनी फोन फॉरमॅट केला. पुन्हा खातं जोडलं. सारे फोटो एकेक करून परत आले आणि आदल्या दिवाळीपाशी थांबले.

खातं दिवाळीलाच भरलं होतं. भाच्याच्या वरातीनं, गुलाबाच्या फुलांनी, ज्यांना मावशी ओळखतही नव्हती अशा माणसांच्या वाढदिवसांनी. त्यानंतरचं काहीच वर चढलं नव्हतं, तो वांग्याच्या भाजीचा व्हिडिओही नाही. खातं भरल्याचा मेसेज मंदाताईंनी मागेच एकदा पाहिला होता. मावशीला सांगितला नव्हता. त्या संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "डाक्टर, मी तिले इचारलंच नाई. म्हटलं, भाजी विकनारी बाई, ते कुठी महिन्याचे पैसे भरते. मीच ठरवून टाकलं तिच्या मनचं."

मावशी तोवर बाजारात फोन कधी मिळतो म्हणून वाट पाहत होती. मंदाताईंनी मला विचारलं, आता तिला काय सांगू? मी तीस वर्षं दवाखाना चालवतो. रोग्याला सगळं एकदम सांगायचं नसतं, हे मी फार विचारपूर्वक बोलण्याच्या सुरात बोलत आलो आहे. त्या दिवशीही तसंच बोललो. म्हणालो, "ताई, बाईचं पोर नुकतंच गेलंय. आता सांगू नका. म्हणावं, वेळ लागतो, येऊन राहिलं. हळूहळू विसरेल."

मंदाताई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. बराच वेळ त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेले मानूस. तुमाले कयत असन." आणि गेल्या.

ती विसरली नाही. दर बाजाराला भाजीची टोपली उतरवली की आधी दुकानात यायची. "आलं काय व मंदाबाई?" "येऊन रायलं, मावशी." "किती आलं?" एकदा मंदाताईंच्या तोंडून निघून गेलं, "अर्धं आलं." त्या दिवशी मावशीनं बाजारात सगळ्यांना सांगितलं की माहा अमोल अर्धा आला. मला हे कळलं तेव्हा मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि रोगी नसतानाही आत बसून राहिलो.

मंदाताई मात्र बसून राहिल्या नाहीत. मावशीचा फोन घेऊन त्या अमरावतीला गेल्या. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. मग अकोल्याला गेल्या. तिथल्यानं फोन दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, "बाई, फॉरमॅट मारल्यावर या फोनमधून काई निघत नाई. देव आला तरी नाई." परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "आता मानसं शोधते." कारण अमोलनंही, सगळी पोरं करतात तसं, आपलं हसणं-नाचणं दहा ग्रुपवर वाटलेलं होतं. त्याच्या वर्गातली पोरं, कंपनीतली, खोलीवरची. मंदाताईंनी एकेकाचा नंबर मिळवला. हा खुलताबादला बदलून गेलेला, तो लग्न होऊन अकोल्यात राहिलेला. त्या फोन करायच्या, स्वतःची ओळख द्यायच्या आणि म्हणायच्या, "बापा, तुह्या खात्यात अमोल असन तर मले पाठव. बारीकसा असन तरी पाठव." कुणी पाठवलं, कुणी टाळलं, एकानं तर सांगितलं की जागा नव्हती म्हणून कालच उडवलं. त्याच आठवड्यात त्यांनी ते लाकडी स्टूल आणलं.

यात दोन वर्षं गेली. मावशीचं खातं मोठं करून त्याचे पैसे त्या स्वतः भरू लागल्या आणि जमलेलं सगळं त्यात ठेवलं. एका बाजाराच्या दिवशी दुपारी त्यांनी मावशीला स्टुलावर बसवलं. मी दारातच होतो. मावशी पाहत गेली. अमोल नाचतोय, अमोल ट्रॅक्टरवर, अमोल कुणाच्या तरी हळदीत पिवळा झालेला. ती हसत होती आणि पदरानं फोन पुसत होती. शेवटचा फोटो झाला. तिनं मान वर केली.

"अन् मोहरीवाला?"

मंदाताई म्हणाल्या, "तो नाई, मावशी. तो माह्या हातानं मिटला."

"कवा?"

"त्याच दिसी. तू फोन देल्ला त्याच दिसी."

मावशीला हे समजायला वेळ लागला. मग ती ओरडली नाही की रडली नाही. भाव सांगावा तशा सपाट आवाजात म्हणाली, "माहा पोरगा एकडाव मेला होता, मंदे. मी रडून मोकयी झाली असती. तू दर बाजारी म्हने, येऊन रायला. मी दर बाजारी वाट पायली. आज तो आनखीन मेला."

मावशी उठली. दारापर्यंत आली आणि थांबली. "तू अशी बाई नव्हती. येऊन रायलं म्हनून सांग, असं कोनं शिकवलं तुले?"

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कोनं नाई. माही मीच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर शब्दही आले असते, कारण ते तयार होते. मी बोललो नाही. मावशी निघून गेली आणि पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढली नाही. बाजारात तिनं सगळ्यांना सांगितलं की मंदाबाई खोटारडी आहे. काही गिऱ्हाइकं तुटली. मंदाताईंनी कुणाला खुलासा दिला नाही. मावशीच्या खात्याचे पैसे त्या भरतच राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांची किडनी गेली. अमरावतीच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. हातात सलाइन, त्यामुळे बांगड्या काढून ठेवलेल्या. पिनांशिवाय ते मनगट ओळखू येत नव्हतं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हणालो, "ताई, मावशीला सांगू का, की ते माझं सांगणं होतं म्हणून?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "माह्यासाठी नोका सांगू, डाक्टर. मी चालली. तुमच्यासाठी सांगाचं असन तर सांगा."

आठवड्यानं त्या गेल्या. तेरवीला मी पंगतीत वाढायला होतो. बेबीमावशी आली नाही.

ती अजून बाजारात बसते. मी तिच्या ओळीतून गेलो की मला हाक मारते. "डाक्टर, इकडं या." मी नको नको म्हणत असताना सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी वर टाकते आणि शेजारणीला सांगते, "त्या खोटारडीच्या शेजारी इतकी वर्सं काढली या मानसानं, पन याईची जबान खरी हाय."

मी पिशवी पुढे करतो.